ग्रंथ उघडण्यापूर्वी : ज्यू परंपरेतील अध्ययनपूर्व स्तुतिवचने आणि कोकणातील बेने इस्रायल



दिवाळीच्या मुहूर्तावर नवी वही घरात येते, तेव्हा तिच्या पहिल्या पानावर जमाखर्चाची नोंद कोणी करीत नाही. आधी कुंकवाचे स्वस्तिक, मग ‘श्री’, मग शुभ-लाभ, आणि अनेक जैन कुटुंबांत गौतमस्वामींच्या लब्धीचे स्मरण. हिशेब संगणकावर गेले तरी हा प्रघात गारखेड्यापासून सराफ्यापर्यंत टिकून आहे; कित्येक पेढ्यांवर तर एक कोरी वही केवळ पूजनासाठीच विकत आणली जाते. ज्या वहीत रुपये-पैसे लिहायचे तिच्यासाठी एवढा आदर, तर ज्या पोथीत धर्म लिहिला आहे ती उघडताना तो किती असावा? या प्रश्नाचा विचार अनेक परंपरांनी केला. ज्यू परंपरेने मात्र त्याचा रीतसर कायदाच केला, त्याची कलमे पाडली आणि प्रत्येक कलमावर शतकानुशतके वाद घातला. विशेष म्हणजे, हा कायदा मानणारा आणि मराठी ही मातृभाषा असणारा एक समाज आपल्याच महाराष्ट्रात, कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या नांदला. आजचे विवेचन त्या कायद्याविषयी आणि त्या समाजाविषयी आहे.

हा समाज म्हणजे बेने इस्रायल, अर्थात ‘इस्रायलची संतती’. त्यांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यातून सात स्त्रिया व सात पुरुष वाचले. पुढे ही कुटुंबे कुलाब्याच्या गावोगावी पसरली. त्यांनी तेलाचे घाणे चालविले, मराठी बोली आपलीशी केली, आणि पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशी गावावरून आडनावे घेतली. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. आठवड्यातील एक दिवस धंदा बंद ठेवणे म्हणजे काय, हे व्यापारी माणसाला निराळे सांगावे लागत नाही. जवळचे ग्रंथ नाहीसे झाले होते, हिब्रू भाषा विसरली गेली होती. पण शनिवारचा विश्राम, मुलाची सुंता, माशांच्या बाबतीतील भक्ष्याभक्ष्य विवेक आणि ‘शेमा’ ही एका ईश्वराची घोषणा करणारी प्रार्थना एवढे त्यांनी जपले होते. ज्या धर्माचा सगळा डोलारा ग्रंथावर उभा, त्या धर्माचे हे अनुयायी कित्येक पिढ्या ग्रंथाविना राहिले. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता मूळ कायद्याकडे वळणे इष्ट होईल.

‘तोरा’ म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. व्यापक अर्थाने, त्यावरील मिश्ना, तालमूद आदी संपूर्ण शास्त्र. फळ खाण्यापूर्वी, पाणी पिण्यापूर्वी ज्यू मनुष्य ईश्वराचे स्तुतिवचन उच्चारतो. त्याला ‘बेराखा’ म्हणतात. स्तुती न करता या जगातील वस्तूचा उपभोग घेणे म्हणजे देवस्थानची मालमत्ता स्वतःच्या कामी लावण्यासारखे आहे, असे तालमूदचे सांगणे आहे. हाच न्याय ज्ञानाला लावला गेला. अन्न तोंडात घालण्यापूर्वी जर स्तुतिवचन हवे, तर शास्त्राचा शब्द तोंडी येण्यापूर्वी ते अधिकच हवे. म्हणून रोज सकाळी, अध्ययनाचा पहिला शब्द उच्चारण्याआधी, तोरेची स्तुतिवचने म्हणावीत असा नियम झाला.

या वचनांचे स्वरूप कसे ठरले, ही कथा मोठी बोधक आहे. तालमूदमध्ये तीन आचार्यांची तीन मते नोंदलेली आहेत. शमुवेल यांच्या मते, शास्त्रवचनांत रमण्याची आज्ञा दिल्याबद्दल स्तुती करावी. रब्बी योहानान यांच्या मते, ही वचने आमच्या मुखी गोड व्हावीत आणि आम्ही, आमची मुले, मुलांची मुले यांनी ईश्वराला जाणावे, अशी याचना करावी. राव हामनुना यांच्या मते, शास्त्र दिल्याबद्दल दात्याचे आभार मानावेत. राव पापा यांनी निकाल दिला, तो असा की तिन्ही म्हणावीत. समाजाच्या बैठकींचा ज्यांना अनुभव आहे त्यांना या निकालातील शहाणपण लगेच कळेल. एकाचे मत स्वीकारून दोघांना नाराज करण्यापेक्षा राव पापांनी तिघांनाही रोजच्या प्रार्थनेत जागा दिली आणि ती आजतागायत टिकली.

त्यातील पहिल्या वचनाच्या एका पाठात ‘शिकणे’ हा शब्द नाही. तेथे ‘लाअसोक’ असा शब्द आहे, म्हणजे ‘व्यग्र राहणे’, ‘व्यवहार करणे’. हिब्रूत धंद्याला ‘एसेक’ म्हणतात. दोन्ही शब्द एकाच धातूचे. दुकानदार जसा दिवसभर धंद्यात गुंतलेला असतो, नफा झाला तरी आणि न झाला तरी गल्ल्यावर बसतो, तसे शास्त्रात गुंतावे, असा त्याचा आशय भाष्यकार सांगतात. सेफार्दी प्रथेत, जी बेने इस्रायलांनी पुढे स्वीकारली, हा शब्द नाही. तेथे केवळ ‘शास्त्रवचनांविषयी’ अशी रचना आहे. तिसऱ्या वचनाचा शेवट वर्तमानकाळी आहे. शास्त्र ‘दिलेला’ ईश्वर असे न म्हणता ‘देणारा’ असे म्हटले आहे, कारण जो आज मेहनत घेतो त्याला ते आज दिले जाते. याच वचनात सर्व लोकांतून आमची निवड केली असाही उल्लेख आहे. परक्याच्या कानाला तो अहंकाराचा वाटू शकतो. तथापि निवड झाली ती शास्त्राचे ओझे वाहण्यासाठी, असे त्या परंपरेचे स्पष्टीकरण आहे आणि वचनाचा पुढचा भाग पाहता ते पटण्यासारखे आहे.

योसेफ कारो यांचा ‘शुलखान आरुख’ हा ज्यू आचारसंहितेचा ग्रंथ व्हेनिस येथे १५६५ मध्ये प्रथम छापला गेला. त्याच्या दैनंदिन आचाराच्या खंडात सत्तेचाळिसावे प्रकरण या स्तुतिवचनांचे आहे व त्यात चौदा कलमे आहेत. पहिलेच कलम बजावते की या वचनांच्या बाबतीत अत्यंत दक्ष राहावे. मूळ संहिता वाचायची असो वा तिच्यावरील चर्चा, वचन आवश्यक आहे. जो शास्त्र लिहितो, त्याने तोंडाने उच्चार केला नाही तरी वचन म्हणावे. जो केवळ मनात चिंतन करतो त्याला मात्र आवश्यकता नाही. येथे अठराव्या शतकातील विल्ना येथील थोर पंडित एलियाहू यांनी मतभेद नोंदविला. चिंतन हेही अध्ययनच, मग त्याला वचन का नको, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप मनाला अधिक पटतो. कारण जिभेपेक्षा मनच जास्त शिकते. स्त्रियांनीही ही वचने म्हणावीत, असे शेवटचे कलम सांगते. आणि वचन म्हणून झाले की लगेच थोडे तरी शास्त्र म्हणावे, अशी प्रथा आहे. सर्वसाधारणपणे पुरोहितांच्या आशीर्वादाच्या तीन ओळी म्हणतात. इसार द्यायचा आणि माल उचलायचाच नाही, असे होऊ नये.

व्यापाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे कलम दहावे आहे. सकाळी वचन म्हटले, थोडे वाचले, मग मनुष्य दुकानी गेला, दिवसभर गिऱ्हाइके केली आणि सायंकाळी पुन्हा ग्रंथ उघडला. आता वचन पुन्हा म्हणायचे काय? फळाच्या बाबतीत, मध्ये बराच वेळ जाऊन लक्ष दुसरीकडे गेले तर पुन्हा म्हणावे लागते. तोरेच्या बाबतीत मात्र नको, असा निर्णय आहे. कारण शास्त्र शिकण्याचे कर्तव्य दिवसरात्र चालू असते. दुकानात बसलेल्या माणसाचे मन ग्रंथावरून उठलेले नसते, तो केवळ तात्पुरता दूर गेलेला असतो. वास्तविक हे गृहीतक धाडसाचे आहे! गर्दीच्या दिवसांत, लग्नसराईत, किती जणांचे मन ग्रंथाशी राहत असेल? पण कायद्याने माणसाविषयी चांगलेच गृहीत धरले आहे. शिवाय खऱ्या मापाने मोजावे व खऱ्या वजनाने तोलावे ही आज्ञा तोरेतच आहे. तेव्हा गजाला ताण न देता जो कापड मोजतो तो त्या क्षणीही त्याच पाठाचा सराव करीत असतो, असे म्हणता येईल.

एवढी दक्षता कशासाठी? याचे उत्तर तालमूदच्या एका कठोर प्रश्नात आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बाबिलोनच्या सैन्याने जेरुसलेमचे मंदिर जाळले आणि लोकांना देशोधडीला लावले. भूमी का उजाड झाली, हा प्रश्न ज्ञानी लोकांना विचारला, संदेष्ट्यांना विचारला. कोणालाच सांगता येईना. शेवटी ईश्वराने स्वतः कारण सांगितले, ते म्हणजे त्यांनी माझे शास्त्र सोडले. यावर राव यांचे स्पष्टीकरण असे की ते अध्ययनापूर्वी स्तुतिवचन म्हणत नव्हते. वाचणारा येथे थबकतो. मूर्तिपूजा, रक्तपात, अन्याय अशी मोठमोठी पापे बाजूला, आणि दोन वाक्ये म्हटली नाहीत म्हणून राज्य बुडाले? तेराव्या शतकात स्पेनमधील गेरोना येथील रब्बी योना यांनी याचा उलगडा केला. ते लोक अध्ययन करीतच होते. अभ्यास सोडला असता तर पंडितांच्या ते सहज लक्षात आले असते आणि त्यांनी उत्तर दिले असते. पण अभ्यास चालू असूनही, ज्यासाठी आभार मानावेत एवढी त्या अभ्यासाची किंमत त्यांना वाटत नव्हती. ही गोष्ट बाहेरून दिसणारी नव्हती. अंतःकरण जाणणाऱ्यालाच ती दिसली.

जैन श्रोत्यांना हे परके वाटणार नाही. ज्ञानाचाराची आठ अंगे सांगितली आहेत, ती अशी : काल, विनय, बहुमान, उपधान, अनिह्नव, व्यंजन, अर्थ आणि तदुभय. त्यांत विनय व बहुमान ही दोन निराळी अंगे मानली आहेत. उठून उभे राहणे, पोथी उंच आसनावर ठेवणे हा विनय. आतून वाटणारी प्रीती म्हणजे बहुमान. विनय आहे पण बहुमान नाही, असे होऊ शकते, हे आपल्या आचार्यांनी जाणले होते, आणि रब्बी योना यांचे म्हणणे नेमके तेच आहे. अनिह्नव म्हणजे ज्याच्याकडून ज्ञान मिळाले त्याचे नाव न लपविणे. दिगंबर परंपरेत शास्त्रवाचनापूर्वी ओंकाराने आरंभ होणारे मंगलाचरण म्हणतात, त्यातही मूळ ग्रंथाचे कर्ते कोण, हे आधी सांगितले जाते आणि श्रोत्यांना सावधानतेने ऐकण्याची सूचना दिली जाते. भेदही स्पष्ट आहे. ज्यू स्तुतिवचन सृष्टिकर्त्या दात्याला उद्देशून आहे. जैन दर्शनात असा दाता नाही, तीर्थंकर मार्ग दाखवितात आणि चालायचे ज्याचे त्याने. हा भेद पुसून सगळे धर्म एकच म्हणणे सोपे आहे, पण ते दोघांवरही अन्यायाचे होईल.

तालमूदच्या त्याच पृष्ठावर आणखी एक प्रश्न आहे आणि तो प्रत्येक घराला लागू पडतो. विद्वानांच्या पोटी विद्वान मुले सहसा का निपजत नाहीत? उत्तरे पाच दिली आहेत. शास्त्र ही वडिलोपार्जित मिळकत आहे असे कोणी समजू नये म्हणून, हे एक. विद्वानांची मुले समाजावर ताठा करतील म्हणून, हे दुसरे. इतर दोन याच धर्तीची. शेवटचे उत्तर राविना यांचे, आणि ते पुन्हा तेथेच येते : कारण ते आधी स्तुतिवचन म्हणत नाहीत. वडील रोज वाचतात, पण कर्तव्य उरकल्यासारखे वाचतात. मुलाला त्या वाचनात आनंद दिसत नाही, केवळ सवय दिसते. पेढी मुलाच्या नावावर करता येते. दुकानाची पागडी, गिऱ्हाइकांची ओळख, बाजारातील पत हे सगळे वारशाने देता येते. ग्रंथाविषयीची गोडी कोणत्या दस्तऐवजाने द्यायची? दुसऱ्या स्तुतिवचनात मुलांचा आणि नातवंडांचा उल्लेख आहे, तो याच चिंतेपोटी असावा.

घरातील अध्ययनाप्रमाणे सार्वजनिक वाचनाचेही नियम आहेत. शनिवारी, तसेच सोमवारी व गुरुवारी प्रार्थनालयात तोरेचे जाहीर वाचन होते. सोमवार-गुरुवार हे प्राचीन काळी खेड्यापाड्यांतील लोक गावात येण्याचे, बाजाराचे दिवस. हस्तलिखित गुंडाळी पेटीतून काढली जाते, ओळीवर बोट न लावता चांदीच्या छोट्या हाताने अक्षरे दाखवितात. ज्याला वाचनासाठी पाचारण होते तो आधी स्तुतिवचन म्हणतो आणि शेवटीही म्हणतो. पूर्वी पहिल्या वाचकाने आरंभी व शेवटच्याने अखेरीस म्हणावे, एवढेच होते. पुढे प्रत्येकाने दोन्ही वेळा म्हणावे असे ठरले. त्याचे कारण तालमूद मोकळेपणाने देते. उशिरा येणाऱ्यांना वाटेल की आरंभी वचन नसतेच, आणि लवकर उठून जाणाऱ्यांना वाटेल की शेवटी नसते. प्रवचनाला उशिरा येणे आणि प्रभावनेपूर्वी निघणे हा विकार काही आजचा नाही.

आता प्रश्न भाषेचा. ज्यांना हिब्रू येत नाही त्यांनी काय करावे? बेने इस्रायलांपुढे हा प्रश्न खराखुरा उभा होता. तालमूदमध्ये बिन्यामीन नावाच्या एका मेंढपाळाची गोष्ट येते. त्याने भाकरी खाल्ली आणि विद्वानांची ठरीव वचने न म्हणता आपल्या रोजच्या बोलीत, या भाकरीच्या स्वामीची स्तुती असो, अशा अर्थाचे काही म्हटले. राव म्हणाले, त्याचे कर्तव्य पार पडले. फक्त त्यात ईश्वराचे नाव हवे. मिश्नानेही शेमा, मुख्य प्रार्थना आणि भोजनोत्तर आभार कोणत्याही भाषेत चालतील असे सांगितले आहे. पुरोहितांचा आशीर्वाद मात्र हिब्रूतच हवा. थोडक्यात, कोकणातील तेल्याने मराठीत ईश्वराची स्तुती केली असती तरी ती स्वीकारार्ह होती. पण भाषांतर करायला आधी मूळ कोणाला तरी कळले पाहिजे.

ते कळू लागले एकोणिसाव्या शतकात. कोचीनहून ज्यू शिक्षक आले. डॉ. जॉन विल्सन या ख्रिस्ती मिशनऱ्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले; त्यांचा हेतू निराळा होता, पण व्याकरण समाजाच्या कामी आले आणि शिकलेल्यांनी ते वापरून आपलेच ग्रंथ वाचले. १८४६ मध्ये मुंबईत ‘हग्गादा’, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री घरोघरी वाचावयाचा ग्रंथ, मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापला गेला. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या आवृत्तीतील चित्रांत सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत. योसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४–१९०५) हे मुंबईत डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी प्रार्थना व अनेक धर्मग्रंथ मराठीत आणले. सकाळी जी वचने वडील केवळ पाठाने म्हणत होते, त्यांचा अर्थ मुलाला मराठीत वाचता येऊ लागला. १८८०च्या सुमारास तर बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदींनी हरिकीर्तनाच्या धर्तीवर अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या चरित्रांची मराठी कीर्तने सुरू केली. ओवी, साकी, दिंडी आणि विषय तोरेचा! व्यंजन, अर्थ आणि तदुभय ही ज्ञानाचाराची शेवटची तीन अंगे येथे आठवावीत. अक्षर शुद्ध हवे, अर्थ कळायला हवा, आणि दोन्ही एकत्र हवेत. बेने इस्रायलांजवळ आधी दोन्ही नव्हते. मग अक्षर आले आणि शतकभरात अर्थ आला. पिढ्यान्‌पिढ्या अर्धमागधी सूत्रे मुखोद्गत असूनही अर्थापाशी अडणाऱ्या घरांनी या क्रमाचा जरूर विचार करावा.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तेथेही प्रारंभी त्यांच्या ज्यू असण्याविषयी शंका घेतल्या गेल्या. १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे घोषित केले. तेथे स्थायिक झालेल्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले.

एक नाव सांगायचे राहिले. मुळजी जेठा मार्केटला कापडाच्या खरेदीसाठी जाणाऱ्या व्यापाऱ्यांना पलीकडचा मसजिद बंदर भाग आणि तेथील सॅम्युअल स्ट्रीट परिचित आहे. तो सॅम्युअल म्हणजे सामाजी हसाजी, अर्थात शमुवेल यहेज्केल दिवेकर. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात ते होते, टिपू सुलतानाच्या कैदेत पडले आणि सुटका झाल्यास प्रार्थनालय बांधीन असा नवस त्यांनी केला, असे समाजात सांगितले जाते. १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनालय ‘शाआर हारहामीम’, म्हणजे ‘दयेचे द्वार’, उभे केले. समाजाचे लोक प्रार्थनालयाला ‘मशीद’ म्हणत. मसजिद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. इमारत झाली, पण तोरेची गुंडाळी हवी होती. जी उघडण्यापूर्वी स्तुतिवचने म्हणायची, ती वस्तूच मिळवायची होती. ती आणण्यासाठी सामाजी कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तेथेच त्यांचे देहावसान झाले. प्रार्थनालय पुढे १८६०मध्ये सध्याच्या जागी नेण्यात आले. रस्त्याला मात्र त्यांचेच नाव राहिले आहे.